कव्हरच्या नाड्या

हुबळी,
११ सप्टेंबर १९८८

प्रिय कौसल्या,

बेळगावचा हा पत्ता तुझ्या वडिलांनी दिला. मला पत्रं लिहायची सवय नाही. दुकानाची लिहितो, पण त्यात 'आपले पत्र पोचले, माल रवाना केला' एवढंच असतं. घरची पत्रं कुसुम लिहायची आणि खाली मी सही करायचो. त्यामुळे हे कसं जमेल सांगता येत नाही. वाचताना तुला घोर नको म्हणून एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आपलं मशीन मधेच का थांबायचं ते सापडलं. तुझ्या हातामुळे थांबत नव्हतं. तू तिकडे ज्या ऑफिसात अर्ज केलास तिथून तुझ्याबद्दल चौकशीचं पत्र आलंय, त्याविषयीही लिहायचं आहे. पण ते शेवटी, कारण मधलं सांगितल्याशिवाय ते नीट सांगता येणार नाही.

तुला ठाऊक असलेल्या गोष्टीही मी क्रमानं लिहिणार आहे. धारवाडला इंटर सायन्सला असताना आमचे प्रयोगशाळेचे सर म्हणायचे, आधी काय पाहिलं ते लिहा, काय वाटलं ते मागाहून. शिवाय एका वेळी एकच गोष्ट बदला, दोन बदलल्यात तर तुम्हालाच कळणार नाही कशानं काय झालं. पुढं वडील गेले, मी दुकानात बसलो, आणि पस्तीस वर्षं कागद, वह्या, लग्नपत्रिका यांत ते सगळं विसरलो. या उन्हाळ्यात आठवलं असतं तर बरं झालं असतं. आठवलं ते ऑगस्टात.

कॉम्प्युटरचं मशीन आलं ते गेल्या वर्षी श्रावणात. हुबळीच्या व्यापाऱ्यांची डिरेक्टरी काढायची हे डोकं रामचंद्राचं. माझा धाकटा भाऊ असला तरी धंद्यात तो माझ्या पुढं चार पावलं चालतो. तीन हजार नावं, पत्ते, फोन नंबर, सगळं इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं, आणि पुढच्या वर्षी बदल करायचा तर पुन्हा पहिल्यापासून टाइप करायला नको. जुन्या हुबळीत दुकानाच्या माडीवर खोली रिकामी केली, चपला बाहेर काढायचा नियम घातला, आणि टाइप करायला तू आलीस. पहिल्या दिवशी तुला सोडायला तुझे वडील आले होते. रेल्वे वर्कशॉपच्या निळ्या कपड्यांतच होते. जिन्याखाली उभे राहून मला 'जयभीम' म्हणाले. मी 'नमस्कार' म्हणालो. तेव्हा त्यात मला काही वावगं वाटलं नव्हतं.

खंडेनवमीला रामचंद्रानं मशीनची पूजा केली ती तुला आठवत असेल. पडद्याला गंध, बटणांवर कुंकू, वर झेंडूची माळ. दुसऱ्या दिवशी आर हे बटण दाबलं की दाबलेलंच राहायला लागलं आणि तू काडीला कापूस गुंडाळून एकेक बटण पुसत बसलीस. कुसुम वर चहा घेऊन आली होती. म्हणाली, "देवाला अंघोळ घालतीयस की मशीनला?" तिला त्या मशीनचं फार नवल. काय काम करतं याच्यापेक्षा ते अंगानं कसं आहे याचं. हात मागं नेऊन पंख्याच्या जाळीसमोर धरायची आणि म्हणायची, "गरम श्वास सोडतंय बघ. याला पाठीशी मोकळं पाहिजे." मी हिशेबनीस डोक्याचा माणूस, मी हसून सोडून दिलं.

नंतर तिनं कव्हर करायला घेतलं. रेडिओला कव्हर, शिलाई मशीनला कव्हर, आमच्या घरात उघडं असं काही नव्हतंच, तेव्हा कॉम्प्युटर तरी कसा राहणार. आपल्या जुन्या काळ्या चंद्रकळेचं कापड घेतलं आणि त्यावर कशिदा. कसूती तिला धारवाडला तिच्या आईनं शिकवली होती. दुपारी वीज गेली की तू तिच्याजवळ बसायचीस आणि ती तुला धागे मोजायला शिकवायची. पुढच्या बाजूवर तिनं रथ काढला, वरच्या तुकड्यावर मोर, उजवीकडे गोपुरं. डावी बाजू तुझी. तू सुरुवातीला गाठ मारायचीस आणि ती तुझ्या हातावर चापट मारायची. "कसूतीत गाठ नसते गं. पुढून बघितलं काय, मागून बघितलं काय, सारखंच दिसायला पाहिजे. गाठ मारणाऱ्याला सासू घराबाहेर काढते." तू म्हणालीस, "मग मला सासूच नको." मी पलीकडच्या टेबलाशी लेबलं कापत होतो. मला हे सगळं ऐकू येत होतं, एवढं तुला सांगतो. मी बोलत नसलो तरी ऐकत असतो.

माघात ती गेली. चार दिवसांचा ताप. त्याबद्दल लिहीत नाही, तू होतीसच.

पंधरा-वीस दिवसांनी तिच्या टोपलीत मला ते तुकडे सापडले. पुढचा, वरचा, उजवा, डावा. चार. पाचवा नव्हता. मला वाटलं, मागची बाजू करायची राहून गेली. राहून गेलं हा शब्द त्या दिवसांत मला सगळीकडेच दिसत होता. लोणच्याची बरणी भरायची राहिली होती, पुतणीला स्वेटर राहिला होता, तेव्हा हेही राहिलं. मी तुकडे बाबू टेलरकडे नेले. मागं तसंच काळं जाड कापड लाव म्हटलं, आणि आतून सगळीकडे फ्लॅनेलचं अस्तर, म्हणजे धूळ जाणार नाही आणि तिचं काम झिजणार नाही. बाबू म्हणाला, "अण्णा, एवढं अस्तर? थंडी वाजतीया काय मशीनला?" मी म्हटलं, लाव तू. मार्चच्या पहिल्या आठवड्यात कव्हर तयार होऊन आलं आणि मी स्वतः ते मशीनवर चढवलं. तू खोलीत होतीस. तू म्हणालीस, "सर, मागं काकूंनी..." आणि मी तुला म्हणालो, असू दे. एवढंच म्हणालो, पण ज्या आवाजात म्हणालो तो आवाज मला अजून ऐकू येतो. तू परत कधी तो विषय काढला नाहीस.

त्यानंतर दोन आठवड्यांनी मशीन थांबायला लागलं.

थांबणं म्हणजे कसं, तेही लिहितो. बंद पडत नव्हतं. अक्षरं पडद्यावर तशीच असायची, पंखा चालू असायचा, फक्त ती लुकलुकणारी रेघ एका जागी उभी. कुठलंही बटण दाबा, काही नाही. बोलता बोलता एखाद्यानं मधेच गप्प व्हावं आणि डोळे मात्र उघडे असावेत तसं. स्विच बंद करून पुन्हा चालू करायचा, आणि मधली न साठवलेली नावं गेलेली असायची. तू दर दहा नावांनी साठवायला लागलीस, मग पाचांनी. कुठल्या नावावर थांबलं ते तू एका वहीत लिहायचीस. 'भागीरथी स्टोअर्स'वर तीनदा थांबलं तेव्हा रामचंद्र म्हणाला होता, त्या बाईनं जाहिरात दिली नाही ना, म्हणून अडवतीया. तेव्हा आपण सगळे हसलो.

मीही एक वही केली होती. वेळ, व्होल्टेज, हवा. पहिला संशय खालच्या पिठाच्या गिरणीवर. ती चालू झाली की दिवे मंदावतात हे उघड दिसत होतं. आठ दिवस मी गिरणीच्या पट्ट्याचा आवाज ऐकत बसलो. गिरणी चालू असताना मशीन पाच वेळा थांबलं, बंद असताना सहा वेळा. गिरणी सुटली. मग मोठा स्टॅबिलायझर आणला. त्याचा काटा दोनशेतीसवर स्थिर आणि पडद्यावरची रेघही स्थिर. मग फ्लॉप्या बदलल्या. मग मशीनला मुंग्या लागल्या असतील असं कोणीतरी म्हणालं, तर टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले. एप्रिलभर मशीन दुधाच्या पातेल्यासारखं उभं होतं.

आणि हिरेमठ. सर्व्हिसचा इंजिनियर असून माणूस किती सरळ. स्कूटरवरून धारवाडहून यायचा, पेटी उघडायचा, आतल्या एकेक काळ्या चिपेवर अंगठा ठेवून दाबायचा. तापून-निवून त्या जागच्या हळूहळू उचलल्या जातात म्हणायचा. दाबल्यावर कट असा बारीक आवाज यायचा आणि तो माझ्याकडे बघून मान हलवायचा, वैद्यानं नाडी सापडल्यावर हलवावी तशी. मग दोन तास मशीन चालवून बघायचा, आणि ते दोन तास मशीन चालायचं. "एनू आगिल्लरी, काही झालेलं नाही. तुमचं मशीन नव्या नवरीसारखं आहे, परक्या माणसासमोर आवाज चढवत नाही." तो चार वेळा आला, चारही वेळा हेच. त्याची स्कूटर खाली वाजली की तू घाईघाईनं कव्हर काढायचीस, चौघडी करून कपाटात ठेवायचीस, कारण पहिल्या खेपेला त्यानं त्यावर पेचकस आणि चहाचा कप ठेवला होता. हे मी रोज बघत होतो आणि वहीत लिहीत नव्हतो. वहीत व्होल्टेज लिहीत होतो.

आणखी एक गोष्ट मी लिहिली होती, पण वाचली नव्हती. सकाळी पहिल्यांदा थांबायला तास-सव्वा तास लागायचा. लगेच चालू केलं की पुढचं थांबणं वीस मिनिटांत. जेवायच्या सुट्टीनंतर पुन्हा तास. माझ्या वहीत हे पानोपानी आहे. रामचंद्र मधेच येऊन दहा मिनिटं बसायचा, कव्हर ओढून खुर्चीवर फेकायचा, चार नावं शोधायचा आणि उठायचा. त्याच्या हातून ते कधी थांबलं नाही. तू दहा ते पाच बसायचीस. तू कव्हर काढायची नाहीस. पुढची बाजू हलकेच उचलून वर टाकायचीस, पदर डोक्यावर घ्यावा तशी, आणि मागचं तसंच राहू द्यायचीस. कारण सकाळी दुकान उघडल्यावर मी आधी वर येऊन त्यावरून हात फिरवायचो, सुरकुत्या काढायचो, हे तू पाहिलं होतंस. माझा हात फिरलेलं मोडायला नको म्हणून तू ते तसं ठेवायचीस. हे तू मला कधी सांगितलं नाहीस. मी आत्ता लिहिताना जुळवतो आहे, चुकत असेन तर कळव.

मग बोलणं सुरू झालं. ज्याच्या त्याच्या तोंडी, मशीन त्या पोरीच्या हाताला थांबतं. रामचंद्र बसतो तर चालतं, इंजिनियर बसतो तर चालतं. वही काढून बघितली तर खरंच होतं. आषाढात त्या दिवशी तू एस अक्षरावर होतीस. एका सकाळीत चार वेळा थांबलं. रामचंद्र जिन्याच्या तोंडाशी उभा राहून म्हणाला, "कौसल्या, मशीनला तुझा हात सोसत नाही. उद्यापासून येऊ नकोस." हात म्हणाला तेव्हा त्याला काय म्हणायचं होतं ते तुला कळलं, मला कळलं, आणि त्यालाही कळलं असणार, कारण तो लगेच खाली निघून गेला. तू माझ्याकडे बघितलंस. मी रबरानं कागदावरचं काहीतरी खोडत होतो. कागद कोरा होता. तू तुझी वही टेबलावर सरळ ठेवलीस, खुर्ची आत सरकवलीस आणि चपला घालून गेलीस.

दुसऱ्या दिवशी रामचंद्रानं खोली धुवून घेतली. धूळ फार झाली होती म्हणाला. दाराला लिंबू-मिरच्या बांधल्या. धुवायचं निघालंच आहे म्हणून सगळे पडदे, टेबलावरचं कापड आणि कव्हर धुवायला टाकलं. टाइप करायला रामचंद्र स्वतः बसला, आणि मशीन चांगलं चालायला लागलं. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस, एकदाही थांबलं नाही. खाली दुकानात रामचंद्राला गिऱ्हाइकांना लिंबाची गोष्ट सांगताना मी ऐकलं. मला काय वाटलं ते लिहायला पाहिजे. मला हायसं वाटलं. वाटलं, चला, आपण गप्प राहिलो ते बरोबरच होतं. माणसाला इतक्या लवकर हायसं वाटतं हे मला माहीत नव्हतं.

पावसाळ्याचे दिवस. फ्लॅनेल वाळता वाळेना. दहाव्या दिवशी ते घडी घालून वर आलं. मी चढवलं, हात फिरवला, आणि नवीन माणूस मिळेपर्यंत आपणच टाइप करू म्हणून बसलो. दोन बोटांनी टाइप करतो मी. तू करायचीस तशीच पुढची बाजू वर टाकली. पाच पाच नावांनी साठवत होतो, तुझ्या वहीत बघून. अकरा वाजून दहा मिनिटांनी रेघ लुकलुकायची थांबली. दाराला लिंबू होतं. खोली धुतलेली होती. आणि हात माझा होता. मी तो उलटा-सुलटा करून बघितला.

त्या दिवशी मला प्रयोगशाळेतले सर आठवले. एका वेळी एकच. मी नवीन पान काढलं आणि वर लिहिलं, काय काय बदललं. आठ दिवस चाललं, आज नाही. गिरणी तीच, वीज तीच, माणूस रामचंद्राऐवजी मी. आणि कव्हर. तो शब्द मी लिहिला आणि खोडला. खोटं नाही सांगत. खोडून मग 'हवा दमट' असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिला.

पुढचे सहा दिवस मला फार गोडीनं गेले, हे सांगायला लाज वाटते, पण गेले. एक दिवस कव्हर ठेवून, एक दिवस काढून. ठेवून थांबायचं, काढून नाही. मग कव्हर ठेवून फक्त मागची बाजू वर उचलून चिमट्यानं धरली, तर नाही थांबलं. तेव्हा पंख्याकडे लक्ष गेलं. पंखा तर फिरतोच आहे, हिरेमठही तेच बघून गेला होता. पण फिरून हवा जाते कुठं? हवा दिसत नाही. कुसुमच्या फोटोपुढची उदबत्ती मी उचलून आणली आणि मशीनच्या मागं जाळीसमोर धरली. कव्हर नसताना धूर भिंतीकडे सरळ सुतासारखा निघून जायचा. कव्हर मागं सोडलं आणि उदबत्ती खालून आत सरकवली, तर धूर फ्लॅनेलला आपटून खाली वळायचा आणि पुन्हा पेटीच्या पोटाखाली शिरायचा. मशीन स्वतःचाच श्वास परत घेत होतं. मग कपाटातून थर्मामीटर आणलं. तेच, माघातलं. झटकून जाळीमागं कव्हरच्या आत ठेवलं. पारा चढत चढत एकशे दहाच्या शेवटच्या खुणेला जाऊन टेकला आणि पुढं जायला नळीच नव्हती. कव्हर काढून, थर्मामीटर पाण्यात गार करून, झटकून पुन्हा ठेवलं. नव्व्याण्णववर थांबलं. मी दोन्ही आकडे लिहून घेतले. ताप मोजल्यासारखं वाटत होतं, आणि या खेपेला ताप उतरत होता.

हिरेमठला बोलावून दाखवलं. उदबत्तीचा धूर वळताना बघून तो खाली बसला आणि गुडघ्यावर हात मारत हसला. "चार खेपा आलो मी, सर, चार खेपा. आजारी माणसाची रजई काढून ठेवून मग डॉक्टरला बोलवत होता तुम्ही." चिपा उचलल्या जात होत्या त्याही त्या उष्णतेनंच म्हणाला. रामचंद्रालाही वर बोलावलं. त्यानं धूर बघितला, थर्मामीटर बघितलं, माझी वही दोन्ही बाजूंनी चाळली. म्हणाला, "मशीनच ते. कधी चालतं, कधी नाही." मी म्हटलं, नाही राम, नेमकं केव्हा ते इथं लिहिलंय. तो म्हणाला, "मग आता काय मी तिच्या दारात जाऊन उभा राहू?" मी म्हटलं, मी जातो. आयुष्यात त्याच्यापुढं मी एवढंच बोललो असेन. संध्याकाळी खाली उतरताना बघितलं तर दाराला लिंबू नव्हतं. सुतळी तेवढी राहिली होती.

जायच्या आधी एक काम केलं. कव्हरची मागची बाजू काढून टाकायची ठरवलं. बाबूकडे नेलं नाही. कुसुमची बारीक कात्री घेऊन मीच एकेक टाका उसवत बसलो. बाबूची शिवण जाड, ती पटापट सुटली. आणि उजव्या कडेला, शिवणीच्या आत दुमडलेल्या, दोन नाड्या निघाल्या. काळ्याच, वीतभर लांब, टोकांना दुमडून शिवलेल्या. डाव्या कडेलाही दोन. बाबूनं त्या आत दाबून वरून कापड शिवलं होतं, कारण मागं कापड लाव असं मी सांगितलं होतं. मग मी कडा बघितल्या. दोन्ही कडा आधीच दुमडून बारीक टाक्यांनी पक्क्या केलेल्या होत्या. जिला पुढं कापड जोडायचं असतं ती बाई कडा अशा बंद करत नाही, एवढं मलाही कळतं. म्हणजे मागचा तुकडा राहिलेला नव्हताच. तिनं तो धरलाच नव्हता. मागं नाड्यांनी सैल बांधायचं आणि पाठ मोकळी सोडायची. चार तुकड्यांत तिचं काम पुरं झालं होतं, आणि पाच महिने मी ते अपुरं समजत होतो.

उजव्या बाजूच्या नाड्या आतून बघितल्या तर टाका कुठं सुरू झाला ते सापडत नाही. डाव्या बाजूच्या नाड्यांना आतून दोन गाठी आहेत. बारीक, पण गाठी.

गेल्या रविवारी तुझ्या घरी गेलो. पत्ता विचारत गेलो, सगळे ओळखतात तुझ्या वडिलांना. तू मावशीकडे बेळगावला गेल्याचं तिथंच कळलं. तुझ्या वडिलांनी, सिद्रामांनी, खुर्ची दिली, चहा दिला. मी सगळं सांगितलं, उदबत्तीपासून. वर्कशॉपातला माणूस, पंखा आणि हवेचं त्यांना माझ्याआधी समजलं. मग म्हणाले, "पोरगी घरी येऊन कायबी बोलली नाही, सर. फक्त जेवताना हाताकडं बघत बसायची." मी चहाचा कप खाली ठेवला. निघताना नमस्कारही करायचा राहिला.

आता बेळगावच्या पत्राचं. ते गेल्या सोमवारी दुकानाच्या नावानं आलं. तुला ऑपरेटर म्हणून घ्यायचं त्यांनी जवळजवळ नक्की केलंय, फक्त आधीच्या ठिकाणाहून का सुटलीस एवढं विचारलंय. रामचंद्रानं उत्तराचा कच्चा कागद केला होता. 'काही कारणास्तव' असं त्यात होतं. मी तो बाजूला ठेवला आणि दुसरं लिहिलं. मशीन का थांबत होतं, कोणत्या तारखेला कसं तपासलं, कव्हर कोणाच्या सांगण्यावरून शिवलं, आणि कुमारी कौसल्या यांच्या कामात किंवा हातात काहीही दोष नसताना त्यांना काढण्यात आलं, ती चूक आमची. खाली माझी सही आहे आणि रामचंद्राचीही आहे. त्यानं दोन दिवस लावले, पण केली. काल रजिस्टरनं पाठवलं. कार्बनची प्रत यासोबत आहे, जपून ठेव, पुढंही लागेल. इथली खुर्चीही रिकामीच आहे. डिरेक्टरी एसच्या पुढं माझ्या दोन बोटांनी सरकते आहे, दिवाळीपर्यंत काही छापून होत नाही. पण ये असं मी म्हणणार नाही, तुला तिथं बरं वाटत असेल तर तिथंच राहा. त्या पत्राचं उत्तर मी त्यांना दिलं, तुला मात्र अजून दिलं नव्हतं, म्हणून हे लिहायला बसलो. त्या दिवशी तू माझ्याकडे बघितलंस तेव्हा मला दोन शब्द बोलता आले असते. बोललो नाही. कारण सापडलं नव्हतं म्हणून नाही, तेव्हाही मला माहीत होतं की हातानं मशीन थांबत नसतं. इंटर सायन्स झालोय मी. आणि एक विचारायचं आहे. डाव्या नाड्या तू लावल्यास, म्हणजे पाठ मोकळी ठेवायची हे तुला ठाऊक होतं. मशीन कशानं थांबतं हेही तुला कळलं होतं का? कळलं असूनही, काकूंच्या कव्हरवर बोट ठेवायला नको म्हणून, आणि मी रोज सकाळी त्यावरून हात फिरवत होतो म्हणून, तू ते स्वतःवर घेतलंस का? सांगितलंस तर मला कळेल. नाही सांगितलंस तरी मी ते तसंच धरून चालणार आहे. कव्हर आता संध्याकाळी काम संपल्यावरच घालतो आणि मागं नाड्या सैल बांधतो, तिनं ठरवलं होतं तशा. तुझ्या गाठी तशाच ठेवल्या आहेत. तुझ्या वडिलांना पत्र लिहिशील तेव्हा माझा जयभीम कळव. तू कुसुमला काकू म्हणायचीस आणि मला सर, ते दुरुस्त करायचं कोणाच्या लक्षात आलं नाही, म्हणून सही मीच बदलून करतो.

तुझाच,
यशवंतकाका